अक्षरांना जागा दे गं

अगं, तुझी नवी वेबसाइट पाहिली. आजीच्या मेतकुटावरचा लेख फार सुरेख उतरलाय. पण दुसऱ्या परिच्छेदातच डोळे शिणले, आणि हे तुला मीच सांगायला हवं. परका वाचक काही बोलत नाही, पान बंद करून निघून जातो.

आधी ओळींमधलं अंतर वाढव. तू घेतलेलं टेम्प्लेट इंग्रजीसाठी बेतलेलं आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार नि ऋकार. वरच्या ओळीत ‘वृत्ती’ आणि नेमकी तिच्याखाली ‘कीर्ती’ आली, की ऋकार रफारावर जाऊन टेकतो. तुझ्या पानावर हे जागोजागी झालंय. इंग्रजीला १.५ लाइन हाइट पुरते, तू १.७ ठेव, १.८ही चालेल. आकाराचंही तसंच. ब्राउझर मुळात १६ पिक्सेल देतो, पण त्यातच वरखालची चिन्हं बसवायची असल्याने मूळ अक्षर बारीक दिसतं. मी १८च्या खाली येत नाही.

शीर्षकात तू लेटर स्पेसिंग वाढवलंयस ना? ते शून्य कर. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. इथे शिरोरेघ तुटते आणि ‘मेतकूट’ची चार अक्षरं चार दिशांना उभी राहतात. ठळक टाइपही बेतानं वापर; लहान आकारात ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात.

लॅपटॉपवर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, मग पुढची ओळ सापडत नाही. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या टायपोग्राफीवरच्या पुस्तकात ओळीला ४५ ते ७५ अक्षरं सुखाची मानली आहेत, तेही इंग्रजीसारख्या लिपीच्या हिशेबानं. मराठीत दहा-बारा शब्द धर. आणि दोन्ही कडा सरळ करू नकोस. आपले प्रत्यय लागलेले लांब शब्द तुटत नाहीत, मग मध्ये भगदाडं पडतात.

फॉन्ट म्हणशील तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ घे, फुकट आहे आणि फोनवर स्वच्छ दिसतो. कोडमध्ये पानाची भाषा हिंदी लिहिलीय, ती मराठी कर. काही फॉन्ट तेवढ्यावरून आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आणतात. बारीकसारीक वाटेल, पण मराठी वाचणाऱ्या डोळ्याला ते लगेच जाणवतं.

तो फिकट राखाडी रंग मात्र आजच बदल. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका फरक मागितला आहे, तुझा त्याच्या जवळपासही नाही. आणि फोनवर दोन बोटांनी पान मोठं करायची सोय टेम्प्लेटनं बंद केलीय, तीही सुरू कर. मेतकुटाचं वाचायला सगळ्यात आधी मावशी येणार आहेत, आत्या येणार आहेत. रात्री फोन कर, कुठली ओळ बदलायची ते दोघी मिळून बघू.