मालावर आपले नाव घालताना

आपल्या शेतातील माल बाजार समितीच्या आवारात उतरला की तो पिकविणाऱ्याचे नाव त्या मालाबरोबर फार थोडा वेळ राहते. आडत्याच्या पट्टीवर ते लिहिले जाते, लिलाव होतो, आणि त्याच दिवशी तो माल दहा जणांच्या मालात मिसळून पुढे जातो. खाणाऱ्यास मग एवढेच ठाऊक असते की, हा गूळ कोल्हापूरचा आणि ही हळद सांगलीची. उत्तम माल काढणाऱ्यास त्याचे श्रेय मिळत नाही, तद्वतच हलका माल काढणाऱ्यास दोषही लागत नाही.

ही परिस्थिती आता पालटत आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांच्या बाजार आवाराबाहेरील विक्रीवरचे नियमन उठविले. शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. मोबाईलवरून मागणी नोंदवून घरपोच माल पाठविणारे शेतकरीही पुष्कळ झाले आहेत. गूळ, हळद, बेदाणा, तांदूळ, लोणची यांच्या वेष्टनावर शेतकरी स्वतःचे नाव घालतो, छायाचित्र छापतो व बाजारात स्वतः उभा राहतो. थोडक्यात, तो आपल्या मालाचा चेहरा बनतो. ही गोष्ट इष्ट आहे. परंतु तिच्याबरोबर येणारी जबाबदारी पुरती समजून न घेता ती केल्यास नुकसान होते. यास्तव तिचा येथे क्रमाने विचार करू.

नाव म्हणजे जामीनकी

नाव घालून माल विकणे ही काही नवी कल्पना नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपेनात. तरीही त्यांनी ते सुधारत नेले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. पुढे शेतकरी नांगर मागताना त्या नावानेच मागू लागला.

दुसरे उदाहरण मसाल्याचे. महाशय धरमपाल गुलाटी हे १९४७ च्या फाळणीनंतर सियालकोटहून दिल्लीस आले, काही काळ त्यांनी टांगा चालविला आणि नंतर वडिलांचाच मसाल्याचा धंदा पुन्हा मांडला. फेटा बांधलेली त्यांची प्रतिमा एमडीएचच्या वेष्टनावर घरोघरी पोचली. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २०२० मध्ये ते निवर्तले.

याच्या उलट उदाहरण आणंदच्या दूध उत्पादकांचे. १९४६ मध्ये सुरू झालेल्या त्या सहकारी संघाचा मालक कोणी एक नाही. म्हणून अमूलच्या लोण्यासाठी १९६६ पासून जी ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी जाहिरातीत आली, ती काल्पनिक आहे. माल एकाचा असेल तर एकाचा चेहरा शोभतो. तो अनेकांचा असेल तर सर्वांना आपले वाटेल असे चिन्ह निवडणे बरे. शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गट यांनी हा भेद अवश्य ध्यानी घ्यावा.

ग्राहक अनोळखी मालास भितो. वेष्टनावरील माणूस त्यास सांगतो की, काही बिघडले तर मी येथे आहे. म्हणजे नाव व चेहरा ही शोभा नसून जामीनकी आहे. जामीन राहणाऱ्याने ज्या गोष्टीबद्दल जामीन राहावयाचे ती आपल्या हाती आहे की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

एका गुऱ्हाळवाल्याचा अनुभव

माझ्या कार्यक्षेत्रातील एका ऊस उत्पादकाची हकिगत त्यांच्या संमतीने, परंतु नावावाचून, येथे देतो. ते स्वतःच्या गुऱ्हाळावर भेंडीच्या रसाने मळी काढून, हायड्रॉस न वापरता गूळ करीत. तो रंगाने काळसर तांबूस, पण चवीस उत्तम. एक किलोच्या ढेपेवर स्वतःचे नाव व छायाचित्र असलेले वेष्टन घालून ते शहरातील आठवडे बाजारात ९० रुपये किलोने विकत. दोन हंगाम उत्तम गेले.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मागणी इतकी वाढली की त्यांचा गूळ पुरेना. तेव्हा त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळावरून ४०० किलो गूळ ५० रुपये दराने घेतला आणि आपल्याच वेष्टनात घातला. वेष्टन व वाहतूक यांचा खर्च किलोमागे १५ रुपये होता. म्हणजे २५ रुपयांप्रमाणे १०,००० रुपये सुटतील असा हिशेब होता. हा गूळ पिवळाधमक होता, कारण शेजारी रंग उजळण्यासाठी हायड्रॉस वापरीत.

पुढच्या आठवड्यात एका नेहमीच्या वृद्ध बाई पुडा घेऊन त्यांच्यासमोर आल्या व म्हणाल्या, “दादा, यावर फोटो तुमचा आहे, पण गूळ तुमचा नाही.” ते मला पुढे म्हणाले की, बाईंना उत्तर देणे शक्य होते, पण हातात त्यांनी माझेच तोंड धरले होते.

तोवर २३० किलो गूळ विकला गेला होता. त्यांनी वहीतील प्रत्येक ग्राहकास दूरध्वनी करून खरी गोष्ट सांगितली आणि सर्वांचे पैसे परत केले. उरलेला १७० किलो गूळ शेजाऱ्याने ४५ रुपये दराने परत घेतला. आता हिशेब पाहू. गुळाची किंमत २०,००० व वेष्टन-वाहतूक ६,००० मिळून २६,००० रुपये खर्च. परत आले ७,६५० रुपये. दहा हजार मिळविण्याच्या आशेने १८,३५० रुपये पदरचे गेले. पुढील हंगामी बहुतेक जुने ग्राहक परत आले, सर्व आले नाहीत. त्या बाई मात्र आल्या. आता गूळ संपला की ते ‘या आठवड्याचा माल संपला’ अशी पाटी लावून घरी जातात.

या हकिगतीत दोन धडे आहेत. आपला माल जेवढा, तेवढेच आपले नाव, हा पहिला. चूक झाली असता ग्राहकास ती इतरांकडून कळण्याआधी आपण सांगावी, हा दुसरा. ज्याचे नाव मालावर नाही त्यास नामानिराळे राहता येते; ज्याचा चेहरा मालावर आहे त्यास ती सोय नाही.

वेष्टनावर काय असावे

छायाचित्र छापण्यापूर्वी कायद्याने आवश्यक असलेला मजकूर छापावा. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आपल्या उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा व त्याचा १४ आकडी क्रमांक वेष्टनावर द्यावा. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणे पुढील बाबी द्याव्यात: मालाचे सामान्य नाव, उत्पादकाचे अथवा वेष्टन करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक. मालाच्या प्रत्येक तुकडीस क्रमांक द्यावा व तो वहीत नोंदवावा. तक्रार आल्यास दोष कोणत्या तुकडीत आहे हे कळते आणि सर्व माल परत घेण्याची पाळी येत नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द सहज छापू नये. दुकानातून विकावयाच्या मालास राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र नसल्यास ‘यात अमुक घातलेले नाही’ एवढेच सांगावे, तेही खरे असेल तरच.

नावाचे संरक्षण

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये चिन्हाची नोंदणी दहा वर्षांकरिता होते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणीसाठी मालाचे वर्ग ठरविलेले आहेत; गूळ तिसाव्या वर्गात, तर ताजी फळे व भाज्या एकतिसाव्या वर्गात येतात. नुसते आडनाव हे कच्चे चिन्ह होय. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे गावोगाव आहेत, आणि दुसऱ्यास स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्यास कायदा मनाई करीत नाही. त्यापेक्षा आपल्या शेताचे जे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, उदाहरणार्थ ‘वडाचा मळा’ किंवा ‘चिंचेचा पट्टा’, ते आपल्या नावास जोडावे. असे जोडनाव लक्षात राहते व वेगळे उठून दिसते.

छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी अथवा पंतप्रधान यांचे नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे अधिनियमाने बंदी आहे. भक्तिभावाने का होईना, असे चित्र वेष्टनावर घेऊ नये.

गावाचे नाव घालतानाही सावध असावे. कोल्हापूरच्या गुळास २०१४ मध्ये व कोकणच्या हापूसास २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्या प्रदेशातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. म्हणजे प्रदेशाचे नाव व आपले नाव एकमेकांस बळ देतात. बाहेरच्याने ते नाव वापरणे गैर होय.

चेहरा कोणाचा?

पुष्कळ घरांत लोणचे घालते, हळद निवडते व पुडे भरते ती घरची स्त्री. छायाचित्र मात्र पुरुषाचे असते. ग्राहकाने दोन प्रश्न विचारले की उत्तर तिलाच द्यावे लागते. अशा घरी तिचेच नाव व छायाचित्र घालावे, आणि नोंदणीही तिच्या नावे करावी. तेच खरे आहे, म्हणून तेच टिकाऊ आहे.

भावाभावांच्या वाटणीत जमीन, विहीर, बैलजोडी यांचा विचार होतो. मालाच्या नावाचा होत नाही. उद्या दोघे भाऊ एकाच नावाने दोन प्रकारचा माल विकू लागले तर दोघांचेही नाव जाते. एकत्र असतानाच नाव कोणाकडे राहील हे लेखी ठरवावे. त्याचप्रमाणे, माल कसा करावयाचा याची कृती मुलामुलींना शिकवून वहीत उतरून ठेवावी. माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो. चित्र मागे राहते. त्यामागचे काम राहिले नाही तर ते चित्र लवकरच खोटे ठरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वेष्टन सुंदर करून देण्याची घाई कार्यकर्त्यांनी करू नये. प्रथम शेतकऱ्याबरोबर बसून त्याचा स्वतःचा माल हंगामात किती निघतो याचा अंदाज काढावा व तेवढ्याच ग्राहकांची यादी करावी. नोंदणीचे अर्ज भरण्यास साहाय्य करावे. तक्रारवही ठेवण्यास शिकवावे. तीत तारीख, तुकडी, तक्रार व केलेला उपाय असे चार रकाने पुरेत. शेतीशाळेत वा गावच्या बैठकीत हा लेख वाचून पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी.

१. आपल्या गावातील कोणता माल एकाच्या नावाने व कोणता सर्वांच्या चिन्हाने विकणे योग्य?

२. मागणी वाढली आणि आपला माल संपला, तर ग्राहकास काय सांगावे?

३. वरील हकिगतीतील शेतकऱ्याने पैसे परत केले नसते, तर पुढील हंगामाचा हिशेब कसा झाला असता?

बांधावरच्या दगडावर आपली खूण असते, म्हणून आपण बांध नीट राखतो. मालावर नाव घातले की तो मालही आपल्या बांधासारखाच राखावा लागतो. ज्यांची ही तयारी आहे त्या शेतकरी बंधुभगिनींनी निःशंकपणे आपले नाव घालावे. ज्यांची अद्याप नाही त्यांनी एक हंगाम थांबून माल सुधारावा व मगच वेष्टन छापावे.