मातीतील अदृश्य मजूर : मुक्तजीवी सूत्रकृमी

तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत ‘सूत्रकृमी’ हा शब्द उच्चारताच केळी उत्पादकाच्या डोळ्यांपुढे गाठी आलेली मुळे आणि खुरटलेली बाग उभी राहते. ही भीती निराधार नाही. परंतु मातीतील सर्वच सूत्रकृमी पिकाचे शत्रू नसतात. त्यांतील अनेक मुक्तजीवी असून जिवाणूंवर उपजीविका करतात.

या गटातील सर्वाधिक अभ्यासलेली जात म्हणजे ‘सीनोरॅब्डायटिस एलिगन्स’. तिचे वास्तव्य मुख्यतः कुजणाऱ्या फळांत व खोडांत असते. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब व पारदर्शक असतो. त्याला हाडे नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, श्वसनेंद्रियेही नाहीत. चिवट त्वचेखाली केवळ उभे स्नायू असल्याने तो नागमोडी सरपटतो. उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात प्रजननपेशी वगळता ९५९ पेशी असतात; त्यांपैकी ३०२ मज्जापेशी होत. अनुकूल उष्णतामानात अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत सुमारे तीनच दिवस लागतात. अन्न संपले, गर्दी वाढली, तर अळी विशिष्ट सुप्तावस्थेत जाते आणि काही न खाता महिनोन् महिने तग धरते. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली या कृमीच्या आनुवंशिकतेवरील संशोधन प्रसिद्ध केले. पुढे याच कृमीवरील कार्यासाठी त्यांना व दोन सहकाऱ्यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेतीच्या दृष्टीने या गटाचे महत्त्व त्याच्या आहारात आहे. जिवाणूंच्या शरीरात नत्राचे प्रमाण कृमीच्या गरजेपेक्षा अधिक असते. जादा नत्र तो अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो आणि ते पिकाच्या मुळांना उपलब्ध होते. म्हणजे जिवाणूंत अडकून पडलेले खत हे कृमी मोकळे करतात.

मित्र व शत्रू ओळखण्याची खूण मुखात असते. वनस्पतिपरजीवी सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा शूक असतो. त्याने तो मुळातील रस शोषतो. जिवाणूभक्षकाला असा शूक नसतो. शाळेतही हा पाठ प्रत्यक्ष दाखविता येईल. नरसाळ्याच्या टोकाला रबरी नळी जोडून ती चिमट्याने बंद करावी, नरसाळ्यात पाणी भरावे आणि फडक्यात बांधलेली ओली माती त्यात अलगद टेकवावी. दुसऱ्या दिवशी नळीतील तळाचे थोडे पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास वळवळणारे कृमी दिसतात.

मातीत कृमी दिसले म्हणजे रोग आला, असे नव्हे. सरसकट सूत्रकृमिनाशक वापरल्यास शत्रूबरोबर मित्रही मरतात आणि खर्च वाया जातो. म्हणून औषध घेण्यापूर्वी माती व मुळांचा नमुना तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. जळगाव येथील केळी संशोधन केंद्र व धुळे येथील कृषी महाविद्यालय यांचा सल्ला त्यासाठी घेता येईल. घड कापल्यावर उरणारी निरोगी खोडे आणि कपाशीच्या पऱ्हाट्या न जाळता, बारीक करून कुजविल्यास या मजुरांना अन्न मिळते. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी एवढी गोष्ट जरी गावात रुजविली, तरी जमिनीचा कस राखण्याच्या कामी मोठाच हातभार लागेल.