आकडा एक, केंद्रे अनेक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नोएडाला घरी होतो. बाबा पुण्याला त्यांच्या युनिटमध्ये होते. त्यांच्या वाढदिवसासाठी मी एका खासगी एफएम वाहिनीला फोन करून त्यांच्या आवडीचे गाणे मागितले. ती वाहिनी पुण्यातही त्याच आकड्यावर लागते, हे मला ठाऊक होते. "बाबा, सकाळी आठला रेडिओ लावा," एवढेच सांगून ठेवले. आरजेने बाबांना शुभेच्छा दिल्या, गाणे वाजले. आई आणि मी खूश!

रात्री बाबांचा फोन आला. "अरे, तासभर इअरफोन लावून बसलो होतो. तुझे नाव काही आले नाही." ते हसत होते, पण मला फार वाईट वाटले. आकडा तोच, वेळ तीच, मग चुकले कुठे? शाळेत परतल्यावर भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले. मित्रांनो, त्यांच्याकडून जे समजले ते इथे मांडतो.

लहर किती दूर जाते?

९८.३ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९ कोटी ८३ लाख कंपने. ३०० ला ९८.३ ने भागले की लहरीची लांबी मिळते, साधारण ३.०५ मीटर. एवढ्या आखूड लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. लघुलहरींसारख्या त्या वरच्या वातावरणावरून परत वळत नाहीत. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० मीटर उंच मनोऱ्यापासून त्यांचे क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर येते. दिल्लीचे केंद्र नोएडात स्वच्छ ऐकू येते ते म्हणूनच. पुणे तर हजार किलोमीटरहून दूर!

मग आकडा तोच कसा?

लहर दूर जात नाही, म्हणूनच तोच आकडा दुसऱ्या शहरात पुन्हा वापरता येतो. रेडिओ मिर्ची दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर अशा अनेक शहरांत ९८.३ वरच लागते, पण प्रत्येक शहराचा प्रक्षेपक वेगळा. एकाच शहरातल्या वाहिन्यांमध्ये मात्र अंतर राखावे लागते. दिल्लीतले ९२.७, ९३.५ आणि ९४.३ हे आकडे पाहा, प्रत्येकात ०.८ चा फरक आहे. खासगी वाहिन्यांसाठी अशी सामाईक प्रक्षेपण यंत्रणा उभारण्याचे काम बेसिल या केंद्र सरकारच्या कंपनीने केले. तिचे कार्यालय आमच्या नोएडातच, सेक्टर ६२ मध्ये आहे!

कार्यक्रम वेगळा का?

रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे सरकारने लिलाव करून शहराशहराचे परवाने दिले. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत रेडिओ सिटी हे पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. श्रोत्याकडून वर्गणी नाही, सगळी कमाई जाहिरातींची. नोएडाच्या सेक्टर १८ मधल्या दुकानाची जाहिरात पुणेकराच्या काय कामाची? म्हणून जाहिराती, गप्पा, वाहतुकीची माहिती आणि फर्माइशी त्या त्या शहराच्या. नाव आणि आकडा देशभर एक, बोलणे मात्र गावचे.

माझी चूक

माझे गाणे वाजले, पण बाबांपर्यंत पोचले नाही. मी आकड्यावर विसंबलो आणि पोच घेतली नाही. रेडिओ प्रसारण एकतर्फी असते. ऐकणारा ऐकतो आहे की नाही, हे बोलणाऱ्याला कळत नाही. वायरलेसवर मात्र संदेश मिळाला की समोरचा 'रॉजर' म्हणतो. तो शब्द कानी पडेपर्यंत आपले काम पुरे झाले असे समजू नये. मैदानावर अशी चूक झाली, तर नुसत्या गाण्यावर निभावणार नाही.

यंदा बाबांच्या वाढदिवसाला ते गाणे मी स्वतःच फोनवर म्हणणार आहे. सूर कसाही लागो, बाबांकडून 'रॉजर' ऐकल्याशिवाय फोन ठेवणार नाही.