खाड्या नीट मोज, बाय

बाय, प्रायव्हेट पायलट लायसन्सचे तुझे 40 तास भरत आले. आता इन्स्ट्रक्टर खाली राहील आणि तू एकटी सोलो क्रॉस-कंट्रीला निघशील. आईचा जीव इंजिनात अडकलाय. मला इंजिनाची एवढी धास्ती नाही. वाट चुकलीस तर तू गप्प बसशील, याची मला धास्ती आहे. फळ्यावरचं दिसत नव्हतं तरी बाईंना कधी सांगितलं नाहीस, शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचीस. लायसन्स माझ्या हातात तुझ्या आधी आलं, म्हणून मोठेपणा घेऊन चार गोष्टी सांगते.

गावी मयेत आपल्या कुळागराची हद्द चिऱ्यांच्या गडग्यावरून कळते. आकाशात गडगा नसतो. तो असतो फक्त नकाशावर, आणि तो तीन तऱ्हांचा. प्रोहिबिटेड म्हणजे जायचंच नाही. मुंबईत तुर्भ्याच्या अणुकेंद्रावर आणि मलबार हिलच्या पारशी दख्म्यांवर तशी बंदी आहे. रिस्ट्रिक्टेड म्हणजे अटी पाळून, परवानगीनं जायचं. डेंजर म्हणजे ठरावीक वेळी तिथे विमानाला धोका असतो, गोळीबाराचा सराव वगैरे. याखेरीज काही तासांपुरते बंद होणारे तुकडे असतात. ते छापील नकाशावर सापडत नाहीत, त्यांची खबर नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचनेत येते. काल वाचलेला नोटॅम आज चालत नाही. निघण्यापूर्वी पुन्हा बघायचा, मैत्रीण ‘काही नाही गं’ म्हणाली तरी.

आपल्या गोव्यात तर जास्तच जपायला हवं. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ. तिथला कंट्रोल टॉवर नौदलाचा, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. पेडण्यात मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू आहे. मये या दोन्हींच्या मधोमध, सरळ रेषेत दोन्हीकडे वीस-पंचवीस किलोमीटर. सेसना 172 ला तेवढं अंतर म्हणजे सहा-सात मिनिटं. तेव्हा मयेच्या तळ्यावर एक गिरकी घेऊन आईला पंख हलवून दाखवायचा जो बेत तू मावशीला सांगितलास, तो कंट्रोलशी बोलल्याशिवाय मनातसुद्धा आणू नकोस.

किनाऱ्यानं दक्षिणेला येताना फसायला होतं ते खाड्यांपाशी. आधी तेरेखोल, मग शापोरा, मग मांडवी, मग जुवारी. दुपार कलली की समुद्रावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत येते, खाली धुरकट असतं आणि सगळी मुखं सारखीच दिसू लागतात. मोजताना एक निसटली की जिला तू मांडवी समजतेस ती जुवारी असते, आणि तिच्या पलीकडच्या पठारावर दाबोळीची धावपट्टी. म्हणून नुसतं पाणी बघू नकोस. मांडवीवर पणजीचे पूल शोध, आग्वादचा किल्ला शोध, घड्याळ बघ. दोन खुणा आणि वेळ जुळली तरच पुढची खाडी. टॅबलेटवरच्या रेषेवर भरवसा ठेव, पण तो उन्हात तापून बंद पडला तर कागदाचा नकाशा मांडीवर उघडा असू दे, पिशवीत नको.

हद्द फक्त आडवी नसते, उभीही असते. अल्टिमीटरवर दाब दहा हेक्टोपास्कलनं चुकीचा लावलास तर उंची साधारण तीनशे फुटांनी चुकते. खालून जायची परवानगी असलेल्या जागी तू नकळत वर शिरलेली असतेस, आणि काटा मात्र बरोबर दाखवत असतो.

एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी, घेताना कंटाळू नकोस. रडारवर अनोळखी ठिपका दिसला की पलीकडच्या माणसाला तुझा निरागस चेहरा दिसत नाही. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री एका अँटोनोव्ह विमानानं पुरुलियात शस्त्रं टाकली आणि ते निसटलं. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा आपल्या हद्दीतून जाताना मुंबईला उतरवावं लागलं. अशा आठवणी असलेली यंत्रणा प्रत्येक ठिपक्याकडे संशयानंच बघणार.

आता मुख्य गोष्ट. 11 मे 2005 ला अमेरिकेत एक छोटं सेसना 150 वाट चुकून वॉशिंग्टनच्या बंद हद्दीत शिरलं. आत एक परवानाधारक पायलट आणि एक शिकाऊ. व्हाइट हाउस, संसद रिकामी करावी लागली, एफ-16 नी फ्लेअर सोडले. घातपाताचा हेतू नव्हता हे कळल्यावर दोघांना सोडून दिलं, पण पायलटचा परवाना गेला. निघण्यापूर्वीची साधी तयारी नीट केली नव्हती, हाच ठपका.

तुझ्यावर अशी वेळ आली तर लढाऊ विमान बहुतेक तुझ्या डावीकडे, थोडं पुढे आणि वर येईल, आणि पंख हलवील. अर्थ ‘माझ्यामागून ये’. तूही पंख हलव आणि त्याच्या मागे जा, पळू नकोस. 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोल. कंट्रोलनं दुसरं काही सांगितलं नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर 7700 हा आणीबाणीचा कोड लाव. ते विमान झटक्यात वळून वर निघून गेलं, तर तुला मोकळीक मिळाली असं समज.

पण गोष्ट तिथवर येऊच देऊ नये. खाडी ओळखीची वाटेना, घड्याळ जुळेना, की रेडिओवर कॉलसाइन सांग, सोलो स्टुडंट आहे म्हणून सांग, जागेची खात्री नाही म्हणून सांग. रडारवाला तुला कोड देईल, ठिपका ओळखील आणि दिशा सांगेल. त्या आवाजाला तुझी परीक्षा घ्यायची नसते, त्याचं कामच ते. ‘दोन मिनिटांत सापडेल’ म्हणून गप्प राहिलीस तर त्या दोन मिनिटांत तू सहा किलोमीटर पुढे गेलेली असशील.

चुकलीस तर चौकशी होईल, इन्स्ट्रक्टर ओरडेल, तेवढं सोस. पण शंका आली की पहिल्याच मिनिटाला विचार. घरच्या कुणाचीही मान त्यानं खाली जाणार नाही.