डिजिटल वर्ग उभारण्याआधी

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंटरअ‍ॅक्टिव्ह बोर्ड आला तो लोकवर्गणीतून. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर गावोगाव डिजिटल शाळेचं वारं वाहू लागलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा शिक्षकांच्या तोंडी असायचं. आमच्याकडे कुणी उसाच्या बिलातले पैसे दिले, कुणी मुंबईहून पाठवले. असा पैसा धूळ खात पडलेला पाहणं फार जड जातं. म्हणून ज्या शाळांत आता अशी खरेदी व्हायची आहे, तिथल्या शिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी हे लिहिते आहे.

पुरवठादाराचं प्रात्यक्षिक सकाळी झालं आणि उत्तम झालं. अडचण पुढे सुरू झाली. चौथीतली एक मुलगी बोर्डावर 3/4 लिहायला आली. पेन टेकवलं तिथे रेघ उमटलीच नाही, चार बोटं उजवीकडे उमटली. तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच. मग ती मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. तिचं उत्तर बरोबर होतं, पण आपलंच काहीतरी चुकलं अशी तिची समजूत झाली. प्रोजेक्टर पत्र्याखालच्या अँगलला टांगलेला होता. तो जरा हलला, की पडद्यावरचं चित्र सरकायचं आणि बोर्डाला मात्र जुनीच जागा ठाऊक असायची. यावर उपाय कॅलिब्रेशनचा: पडद्यावर दिसणाऱ्या फुल्यांवर क्रमानं पेन टेकवायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. पण ते आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि तंत्रज्ञ जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत वर्ग ताटकळायचा. बोर्ड ताब्यात घ्याल त्याच दिवशी शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाकडून हे काम स्वतःच्या हातानं करून घ्या. एकालाच शिकवलंत, तर त्याची बदली झाल्यावर सगळंच अडेल.

आमचा बोर्ड इन्फ्रारेड जातीचा. त्याच्या चौकटीवर थेट ऊन पडलं किंवा कडेला धूळ साचली, की स्पर्श ओळखण्यात गडबड होते. शिवाय पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की मागच्या बाकावरून अक्षर दिसत नाही. जाड पडदे आणि रोज कोरड्या फडक्यानं पुसणं, एवढ्यानं बराच फरक पडला. बोर्ड किती उंचीवर लावायचा, हे पहिलीतल्या मुलाला भिंतीशी उभं करून ठरवा. आवाजाचंही आधीच पाहा. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा छोट्या स्पीकरमधलं काही ऐकू येत नाही.

आता फ्लॅट पॅनलचा, म्हणजे टीव्हीसारख्या मोठ्या स्पर्शपडद्याचा, आग्रह होतो. त्यात प्रोजेक्टरचा दिवा नाही, सावली नाही, चित्र सरकणं नाही, ही मोठी सोय आहे. काच फुटली तर मात्र दुरुस्तीचा खर्च फार मोठा. वॉरंटीत फुटलेली काच बसते का, हे कागदावर लिहून घ्या.

विजेबद्दल मी जास्त कळकळीनं सांगते. बिल थकलं की शाळेची जोडणी तुटते आणि सगळा डिजिटल वर्ग अंधारात जातो. बिल कोण भरणार, इन्व्हर्टरची बॅटरी संपली तर नवी कुठल्या पैशातून येणार, याचा ग्रामपंचायतीचा ठराव खरेदीआधी हवा. अर्थिंग तपासून घ्या, स्टॅबिलायझर बसवा.

पाठांच्या सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक वर्षांचाच असतो, आणि पाठ्यपुस्तक बदललं की त्यातले पाठ जुने होतात. पुस्तकातले क्यूआर कोड आणि 2017 मध्ये सुरू झालेलं दीक्षा ॲप यांवरचं साहित्य मोफत आहे, उतरवून ठेवता येतं. आधी ते वापरून पाहा, मग विकतच्या पाठांचा विचार करा.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न शिकवण्याचा. लंडनच्या माध्यमिक शाळांत 2003-04 मध्ये सरकारी पैशातून मोठ्या प्रमाणावर असे बोर्ड बसवले गेले. 2007 च्या मूल्यमापन अहवालात विद्यार्थ्यांच्या गुणांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. अभ्यासात मागे असलेल्या गटांत एकेक मूल बोर्डाशी येत राहिल्यानं वर्गाचा वेग उलट मंदावू शकतो, असंही त्यात नोंदवलं होतं. आमच्याही वर्गात हेच दिसायचं: एक मूल बोर्डाशी, बाकीची नुसती बघत. म्हणून मी आता बोर्ड चालू असताना प्रत्येकाच्या हातात पाटी देते. बी रुजतानाचा व्हिडिओ लावते, कोंब फुटायच्या आधी थांबवते आणि विचारते, आधी मूळ येईल की पान? सगळ्यांनी चित्र काढल्याशिवाय व्हिडिओ पुढे जात नाही. असा वापर झाला, तर बोर्डाचं मोल नक्की वसूल होतं, कारण जमिनीखालची ती हालचाल खडूनं दाखवता येत नाही.

तेव्हा करारावर सही करण्याआधी एकदा दुपारी, तुमच्याच वर्गात, तुमच्याच मुलांच्या हातून बोर्ड वापरून पाहा. पुरवठादार त्याला तयार नसेल, तर त्याच्याकडून बोर्ड घेऊ नका.