विश्वासाचा मुचलका

इ. स. १८४१ ची गोष्ट. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचे एक गृहस्थ होते. जोडे बनवणे हा त्यांचा व्यवसाय. एके दिवशी ते न्यायालयात गेले असता पोलिसांनी एका दारुड्याला तेथे आणले. त्याची तुरुंगात रवानगी होणार, हे उघड होते. ऑगस्टस त्याच्याशी बोलले. पुन्हा दारूला शिवणार नाही, असे त्याने वचन दिले. ऑगस्टस त्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी तो न्यायालयात आला, तेव्हा त्याला कोणी ओळखेना! न्यायाधीशांनी त्याला केवळ एक सेंट दंड आणि खटल्याचा खर्च भरायला लावला.

इ. स. १८५९ मध्ये निधन होईपर्यंत ऑगस्टस यांनी सुमारे २,००० जणांना असा आधार दिला. पुढे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स या त्यांच्या राज्याने तसा कायदाच केला. या पद्धतीला 'परिवीक्षा' म्हणतात.

आज त्याच राज्यात दारू पिऊन मोटार चालवणारा पहिल्यांदा दोषी ठरला, तर न्यायालय त्याला परिवीक्षेवर सोडू शकते. पण ही माफी नव्हे. त्याच्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख असते. दारूचे दुष्परिणाम शिकवणाऱ्या वर्गात त्याला बसावे लागते. वाहन चालवण्याचा परवाना काही काळ निलंबित होतो. अटी मोडल्या, तर तुरुंगात जाण्याची पाळी येऊ शकते.

आपल्या देशातही १९५८ साली अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन न्यायालय अपराध्याला सोडू शकते. मुचलक्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. मात्र बेदरकारपणे वाहन चालवून कोणाचा जीव घेतला, तर ही सवलत देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. चालकांना कायद्याचा धाक राहावा, हा त्यामागचा हेतू.

मुलांनो, 'मुचलका' हा शब्द उर्दूतही आहे. त्यावर सही करायला क्षणभर पुरतो. तो पाळायचा असतो रोज. परिवीक्षेमुळे माणसाला सुधारण्याची संधी मिळते. पण गेलेला जीव परत आणण्याची संधी कोणतेच न्यायालय देऊ शकत नाही.

शब्दार्थ
परिवीक्षा – देखरेखीखाली, अटींवर मोकळे ठेवणे
मुचलका – वचनाचा लेखी करार
बेदरकारपणे – परिणामांची पर्वा न करता

स्वाध्याय
१. ऑगस्टस यांनी दारुड्याला कशी मदत केली?
२. 'परिवीक्षा म्हणजे माफी नव्हे.' कारणे लिहा.
३. 'जामीन राहणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.