फौज सुटल्यावर सिक रिपोर्ट कोण करणार?

नवरा फौजेतून पेन्शनीत आला की शेजारपाजारचे लोक अभिनंदन बाईचं करतात. ‘सुटलीस एकदाची!’ इंदूरमधल्या आमच्या परदेशीपुऱ्यातही तेच झालं. 2019 साली हे महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून 24 वर्षांची नोकरी पुरी करून घरी आले. मोहल्ल्यातल्या पोरांनी स्टेशनपासून ढोल लावले, गळ्यात हार पडले, सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या गर्दीत एक साधी गोष्ट कोणाच्या मनात आली नाही. ह्या माणसाचं वय त्रेचाळीस होतं. शिक्षक किंवा बँकेतला कारकून साठीला घरी बसतो, तोवर पोरं मार्गी लागलेली असतात. फौजी घरी येतो तेव्हा मुलगा अकरावीत असतो, घराचे हप्ते चालू असतात आणि अंगात अजून दोन माणसांची ताकद असते.

हे आजचंही नाही. इथून पंचवीसेक किलोमीटरवर महूला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करी शाळेत असताना. पेन्शन झाल्यावर त्यांनाही दापोलीहून साताऱ्याला नोकरीसाठी बिऱ्हाड हलवावं लागलं होतं.

हे घरी आले तेव्हा घर माझ्या हातात होतं. सिलिंडरचा नंबर लावणं, शाळेची फी, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, गळकी टाकी, सगळं मीच पाहिलं होतं. रजेवर यायचे तेव्हा हे पाहुणे असायचे आणि पाहुण्याचे लाड होतात. पाहुणा कायमचा राहायला आला की त्याला काम लागतं. ह्यांनी चपला रांगेत लावायला सुरुवात केली, मग मुलाला पाचला उठवायला. मुलगा एके दिवशी म्हणाला, “बाबा, ही बराक नाहीये.” मुलगी प्रगतिपुस्तक सहीला माझ्याकडेच घेऊन यायची. ह्यांनी ते पाहिलं, बोलले काही नाही. हळूहळू आमच्याबरोबर जेवायला बसायचं बंद झालं. लंगर, म्हणजे फौजेची खानावळ, उशिरा उघडतो, म्हणायचे. मी हसायची. आज कोणी विचारलं तर मी सांगेन की पहिली खूण तीच होती. ताट वेगळं झालं की कान टवकारावेत.

दुसरी खूण गच्चीवर होती. सीमेवर दिवस मावळताना आणि उजाडताना सगळी पलटण हत्यार घेऊन आपापल्या जागी उभी राहते, त्याला स्टँड-टू म्हणतात. हल्ला व्हायचा तर बहुधा त्याच वेळी होतो म्हणून. कुपवाड्याच्या बाजूला राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना ह्यांनी ते वर्षानुवर्षं केलेलं. घरी आल्यावर दिवेलागणीला हे न चुकता गच्चीवर जायचे आणि कठड्याला टेकून गल्लीची दोन्ही तोंडं पाहत उभे राहायचे. रात्री दोनला उठून कड्या तपासायचे. पाटनीपुऱ्याच्या बाजारात गेलो तर पाठीशी भिंत असेल तिथेच थांबायचे, आणि भाजी मी एकटीनेच घ्यायची. ‘फौजी सवय आहे’ असं सगळेच म्हणत. सवय आणि आजार ह्यांच्यामधली रेघ घरच्यांनी कशी ओळखावी, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. त्यांचं उत्तर मला पटलं: सवयीमुळे माणसाची झोप उडत नाही, माणसं तुटत नाहीत, कामं अडत नाहीत. तसं होऊ लागलं आणि आठवडे उलटले, तर तिला सवय म्हणू नये.

काम गेलेला माणूस कसा खचतो, हे आमच्या वस्तीला खरं तर आधीच कळायला हवं होतं. परदेशीपुरा ही गिरणी कामगारांची वस्ती. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी ह्या गिरण्यांच्या भोंग्यांवर इथली घरं उठायची आणि जेवायची. 1990 नंतर एकेक भोंगा बंद पडला. माझे सासरे खानदेशातून आलेले, ते ह्या गिरणी कामगारांतलेच. काम गेलेले ते धडधाकट पुरुष वर्षानुवर्षं ओट्यावर बसून राहिलेले आम्ही पाहिले. कोणी पत्त्यांत रमला, कोणी दारूत, कोणी नुसता गप्प झाला. हुकुमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये 25 डिसेंबर 2023 ला जाहीर समारंभात देण्यात आले, तोवर त्यातले किती तरी वारले होते. पैसे उशिरा का होईना आले, पण त्या माणसांचं मधल्या काळात काय झालं ह्याचा हिशेब कोणी मागितला नाही. सासूबाई एकदा भांडी लावता लावता म्हणाल्या, “हा बापासारखाच बसायला लागलाय गं.” त्या बाईला शाळा माहीत नाही, पण निदान तिचंच पहिलं होतं.

मधे एक काळ फार बरा गेला, आणि तो कोणता होता हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. 2020 चा लॉकडाऊन. इंदूर कडेकोट बंद होतं, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले. हे सकाळी दाढी करून, बूट चढवून निघायचे. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाची औषधं संपली, धान्याची पाकिटं कुठे पोचली नाहीत, सगळं वहीत लिहिलेलं. तेव्हा रात्री झोपही लागायची. बाजार उघडला तशी वही बंद झाली आणि माणूस पुन्हा गच्चीवर गेला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. आता कळतं की ह्यांना विश्रांती नको होती, आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय हे हवं होतं.

मग एका सिक्युरिटी एजन्सीत बारा तासांची ड्यूटी धरली. तिचं नाव घेत नाही, अशा पुष्कळ आहेत. स्वतःच्या लायसन्सची बाराबोर असली की पगार थोडा जास्त मिळतो, म्हणून बंदूकही घेतली. सुपरवायझर ह्यांच्या निम्म्या वयाचा, तो सगळ्यांसमोर ‘ए गार्ड’ म्हणून हाक मारायचा. ज्याच्या हाताखाली सेक्शन होता, त्या माणसाला. घरी येऊन हे फौजी कँटीनच्या कोट्यातली रम काढायचे. कोट्यामुळे मित्रही खूप झाले होते, म्हणजे बाटलीचे मित्र. झोपेसाठी म्हणून सुरू झालेली दारू झोपच खाते, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. एका डॉक्टरांनी नाडीसुद्धा न बघता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दारूवर त्या गोळ्या जिवाशी येऊ शकतात, हे बोलायलाही त्यांना सवड झाली नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे दोन्ही एकत्र चालू असेल तर आजच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दारूचं खरं माप सांगा.

आता जे सांगते ते नीट वाचा. 2022 मध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुका, करोनानंतर पुन्हा निघाल्या. रात्रभर अखाडे, ढोल, फटाके. हे खोलीचं दार लावून बसले होते. त्यानंतरच्या आठवड्यात ह्यांनी घरातले सगळे कागद काढले. पेन्शनचा पीपीओ, डिस्चार्ज बुक, विमा, बँकेची पासबुकं, सगळं एका फायलीत क्रमाने लावलं. मला समोर बसवून फॅमिली पेन्शनसाठी कुठे, कोणता कागद लागतो ते समजावलं. खूप दिवसांनी आवाज शांत होता. मला बरं वाटलं, की चला, माणूस मार्गावर आला.

योगायोगाने त्याच संध्याकाळी अकोल्याहून ह्यांच्या जुन्या बडीचा फोन आला. फौजेत जोडी लावून देतात, एकमेकांची पाठ राखायला, त्यांना बडी म्हणतात. मी कौतुकाने फायलीचं सांगितलं. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “वहिनी, बंदूक कुठाय?” रात्रीच्या गाडीत बसून सकाळी ते दारात हजर. त्यांनी ह्यांना आडवळणाने काही विचारलं नाही. चहा घेतानाच म्हणाले, “मरायचं मनात आहे का रे?” आणि हे, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, पोरासारखे रडले.

असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. उलट बोलायला जागा मिळते. अचानक आलेली शांतता, कागदांची आवराआवर, ‘मी नसलो तरी तुमचं चालेल’ असलं बोलणं, आवडती वस्तू कोणाला तरी देऊन टाकणं, ह्यातलं काहीही दिसलं तर माणसाला एकटं सोडू नये आणि घरातलं हत्यार आधी बाहेर काढावं. आम्ही बाराबोर परवानाधारक दुकानात रीतसर पावती घेऊन ठेवली, निवडणुकीच्या काळात ठेवतात तशीच. कायद्याने ते चालतं आणि त्यात लाज काही नाही.

तरी हे डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, “कॅटेगरी लागेल.” फौजेत जवानाची तब्येत शेप ह्या शब्दातल्या पाच इंग्रजी अक्षरांनी मोजतात. त्यातलं पहिलं, एस, हे मनाचं. ते घसरलं की बढती अडते, हत्यार काढून घेतात, पलटणीत कुजबुज होते. ती भीती 24 वर्षं हाडात मुरलेली. बडी हसले, म्हणाले, “अरे, आता कॅटेगरी लावणार कोण? वहिनी?” हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. मनाच्या आजारावर उपचार घेतल्याने मिळत असलेली पेन्शन एका रुपयाने कमी होत नाही.

उपचाराची वाट अशी आहे. 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही उपचाराची योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कार्ड दाखवायचं, तिथून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतो. बायकोही त्याच योजनेत बसते. मी माझ्या कार्डावर स्वतःसाठीही समुपदेशन घेतलं, कारण तोवर माझी झोपही गेली होती. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आमच्या इंदूरचा माणूस बिचकतो. बिचकू नये, घराजवळचा दवाखाना आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने त्या बंद करायच्या नसतात. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून डबी खिडकीतून बाहेर गेली होती, ती मी गल्लीतून उचलून आणली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं ते नैराश्य आणि सोबत जुन्या आघाताचा ताण. पहिल्या महायुद्धात ह्यालाच शेल शॉक म्हणत आणि काही बिचाऱ्यांना भेकड ठरवून गोळ्याही घातल्या. आघातोत्तर ताणविकार हे नाव अमेरिकी डॉक्टरांच्या यादीत यायला 1980 साल उजाडलं. नाव कळल्याचा ह्यांना फायदा झाला. शत्रूचं नाव माहीत असलं की फौजी सावध होतो.

दारू सुटायला वेळ लागला. आम्ही कोटा उचलणंच बंद केलं, तसे निम्मे मित्रही गेले. एजन्सी सोडली. हल्ली हे पहाटे चिमणबाग मैदानावर भरतीच्या पोरांना सोळाशे मीटर पळवतात, बीम मारायला शिकवतात. पैसे नाममात्र, पण पोरं ‘उस्ताद’ म्हणतात. पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. दिवेलागणीला गच्चीवर अजूनही जातात. फरक इतकाच की कधी कधी मलाही हाक मारतात.

भरतीच्या त्या पोरांची मात्र मला काळजी वाटते. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बहुतेक मुलं घरी येणार, हातात सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी घेऊन. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. त्यांच्या आयांनी टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून ठेवावा. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

पलटणीत सकाळी सिक रिपोर्ट असते. कोणाला काय होतंय हे विचारणारा एनसीओ असतो. फौज सुटली की तो विचारणारा सुटतो, आणि फौजी आपण होऊन कधी सांगत नाही. जुन्या बडीचा नंबर म्हणूनच बायकोच्या फोनमध्येही असावा.

ज्यांच्या नवऱ्याचे कागद ह्या वर्षी निघणार आहेत त्या बहिणींना एक विनंती. पेन्शनीत येण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. घरी जायच्या घाईत सगळेच तिथे ‘सब ठीक है, साहब’ म्हणतात. झोप लागत नसेल, रात्री दचकून उठत असतील, तर तिथेच सांगा म्हणावं, आणि कागदावर नोंद झाली का ते पाहायला लावा. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला असं ठरलं आणि अपंगत्व 20 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, तर त्याची वेगळी पेन्शन मिळते. नाकारली तर अपील करता येतं, आणि पुढे आमच्याकडच्या लोकांना जबलपूरला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. बोर्डाची तारीख कळली की त्याच रात्री फोनवर नवऱ्याशी बोला.